दिवस भरत आले

मॉन्टरेच्या उतारावर ट्रकचे ब्रेक तापले
की रबर नाही, केस जळल्यासारखा वास येतो.
बावीस वर्षं तो वास माझ्या पगारात होता.
गेल्या नऊ मार्चला तो रोवेनाच्या स्वेटरला आला.

ट्रक जिथे थांबायचा होता
तिथे तिची गाडी उभी होती. एवढंच.
डावा खुबा, डावं मनगट, तीन बरगड्या.
शाळेत चारशे पोरांना वाढणारा हात
आता चमचा उचलायच्या आधी विचार करतो.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात विमावाला आला.
गोड माणूस. फुलं घेऊन; तिच्या आवडीची नव्हेत.
म्हणाला, दोनच मिनिटं, रेकॉर्डरवर बोला ताई,
तुम्ही जरा अचानकच थांबलात, नाही का?
ही चाल मला पाठ होती.
तिच्याच तोंडून तिचा दोष काढायचा, टक्क्याटक्क्याने,
पन्नासला पोचला की आमच्या हाती टरफलं.
मी रेकॉर्डरवर हात ठेवला.
बंद नाही केला. नुसता ठेवला.

मग चेक आला, साडेअकरा हजारांचा,
त्याखाली सहीपुरती एक रेघ.
सही केली की पुढचं सगळं दुखणं फुकट.
चेक अजून फ्रिजवर आहे, आंब्याच्या चुंबकाखाली,
आम्ही दोघांनी कधीच न पाहिलेल्या फ्लोरिडातून कुणी आणलेल्या.

ट्रकला आठवण असते, लोकांना माहीत नसतं.
ड्रायव्हर किती तास जागा, ब्रेक कधी दाबला,
सगळं एका डब्यात. पण त्या तासांच्या नोंदी
कंपनीने जपायच्या सहाच महिने.
मी तर कागदी वहीच्या जमान्यातला,
खोटी झोप लिहिली आहे मी, निळ्या पेनाने, सुवाच्य.
म्हणून पहिलं पत्र मीच टाकलं, रजिस्टर, पोचपावतीसह:
काही पुसू नका, काही बदलू नका,
ट्रक धुऊसुद्धा नका.
पोस्टातली बाई म्हणाली, प्रेमपत्र का?
म्हटलं, त्याच जातीचं.

ट्रक सहा महिन्यांत विसरतो.
टेनेसीचा कायदा एका वर्षात.
खुबा विसरत नाही,
पण खुब्याला तारीख कोण विचारतो.

मेव्हणा थर्मन म्हणायचा, आधी बरी होऊ दे, मग बघू.
चांगला सल्ला. असल्याच सल्ल्यांवर
कितीजणांची मुदत टळली असेल.
वकीलबाई अमाबेल क्रॅब्ट्री, कुकव्हिलच्या चौकात
चपलांच्या दुकानावर जिना चढून,
म्हणाल्या, जिंकलो तर तिसरा हिस्सा माझा,
हरलो तर कॉफीचेही पैसे नकोत.
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून,
उठलात कधी झोपेतून?

फेब्रुवारी सरताना मी रोज म्हणायचो, दिवस भरत आले.
रोवेना हसली, बरगड्या सांभाळत:
दोन पोरं झाली, तेव्हा कुठे मोजले होतेस इतके?

सहा मार्च, शुक्रवार, पावणेचार.
खिडकीतल्या कारकुनाने सँडविच बाजूला सरकवलं,
शिक्का शाईत बुडवला,
आणि आमचं वर्ष तीन दिवस शिल्लक ठेवून
थांबलं.

कागदावर आधी कंपनी, खाली पोराचं नाव.
चोवीस वर्षांचा. सतरा तास जागा.
डब्यात सापडले कचेरीतून आलेले पाच निरोप,
पाचांतही एकच प्रश्न: पोचलास का?
गाडीत बसताना रोवेनाने विचारलं,
त्याला कुणी फुलं नेली असतील?
मला उत्तर सुचलं नाही. किल्ली फिरवली.

घाट चढताना पलीकडून ट्रक उतरत होते
एकामागून एक, दिवे लावून.
मी काच वर केली.
तिने तिच्या बाजूची खाली.